वहिनीला हवा असलेला शब्द

दादा स्वतःहून कधी फोन करत नाही. आपण केला तर 'हं' म्हणून कानाला लावतो आणि समोरच्यानं बोलायची वाट पाहत बसतो. त्यामुळे त्या दुपारी गच्चीवर तुरीची डाळ उन्हात पसरत असताना मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, तेव्हाच मी हातातलं सूप खाली ठेवलं. मी 'हॅलो' म्हणाले. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला... मग तो म्हणाला, "सुमन गेली." मी विचारलं, "केव्हा?" "आत्ता. पाणी पाजून राह्यलो होतो." इतकंच. त्यानं फोन ठेवला नाही आणि पुढं बोललाही नाही. शेवटी मीच "निघते मी" म्हणाले आणि डाळ तशीच टाकून जिना उतरले.

याला आता सात आठवडे झाले. यवतमाळहून नेरला जाणारी बस मी आजवर कितीदा धरली असेल, पण त्या दिवशीचा रस्ता सरता सरेना. आमच्या सुमनवहिनीला आम्ही घरातल्या सगळ्यांनी जन्मभर 'कमी बोल' म्हणून सांगितलं आणि ती शेवटची अडीच वर्षं एका शब्दावर जगली. एकाच. त्यातलं पहिलं अर्धं वर्ष तर तिच्याजवळ अशी एक बातमी होती, की ती सांगितल्याशिवाय तिला घास गिळवत नव्हता, आणि ती सांगायला दुसरा शब्द नव्हता. ते अर्धं वर्ष मला झोपू देत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

वहिनी घाटंजीची. तिच्या वडिलांचं बाजाराच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया आपली गाठोडी त्या हॉटेलात ठेवून बाजार करायला जायच्या आणि ही सहा-सात वर्षांची पोरगी त्या गाठोड्यांची राखण करत बसायची. बाई परत आली की हिचं सुरू. काय घेतलं, कोणासाठी घेतलं, घरी कोण कोण आहे, पोरगं कितवीत आहे... बंजारा बाया, कोलाम बाया, सगळ्यांशी बोलता बोलता तिला त्यांच्या बोलीतलं थोडंथोडं यायलाही लागलं होतं. अशी मुलगी लग्न होऊन नेरला आमच्या घरात आली. आमचं घर बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. बाहेर दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि आत चिडीचूप. जेवताना बोलायचं नाही हा बाबांचा नियम. आई कामापुरतं बोलायची. दादा कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होता, दिवसभर काचेच्या नळ्या धुऊन संध्याकाळी घरी यायचा आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचा. मी तेव्हा नुकतीच शाळेत मराठी शिकवायला लागले होते. वर्गात बोलून घसा बसलेला असायचा, त्यामुळे घरी कोणी बोललेलं मलाही नको असायचं.

लग्नाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनी दूध घेऊन आत आली, ती पातेलं हातात धरून उभीच राहिली. "आत्याबाई, दूधवाल्याच्या बायकोले जुळे झाले होते, त्यातलं एक गेलं. दोन महिने झाले. तुमाले माईत नाई?" तो माणूस दहा वर्षं आमच्या दारात दूध घालत होता. आई म्हणाली, "दूध तापत ठेव." वहिनीनं दूध तापत ठेवलं. संध्याकाळी मात्र ती कोणाला न विचारता त्याच्या घरी जाऊन आली आणि त्याबद्दल तिला बोलणी बसली. मी तेव्हा कोपऱ्यात वह्या तपासत होते. मला आठवतं, मला वाटलं होतं, हिला काय गरज होती?

ती रोज सुरुवात करायची. "अवो, आज काय झालं माईत हाय का..." पण समोर कोणी मान वर केली नाही की तिचा आवाज हळूहळू खाली यायचा. तिला मुद्द्यावर यायला वेळ लागायचा, हेही खरं. गोष्ट सांगायची तर ती अगदी मुळापासून, कोणत्या दिवशी, कोणती साडी नेसलेली, काय भाजी केली होती इथपासून. अन् मंग... अन् मंग... करत ती पुढं जायची. आम्ही कोणी शेवटापर्यंत थांबायचो नाही. गॅसवाला, पोस्टमन, भाजीवाली यांच्याशी ती दारात उभी राहून बोलायची, तर आई आतून हाक मारायची. मग कधीतरी तिनं वाट शोधली. भाजी आणायला म्हणून निघायचं आणि बस स्टँडवर बायांच्या बाकावर अर्धा तास बसायचं. कुठं जायचं नाही, कोणाला घ्यायला आलेली नाही. शेजारी बसलेली बाई विचारायची, "कुठी जाणं हाय बाई?" ही म्हणायची, "कुठीच नाई व. बसली." आणि त्या अर्ध्या तासात अमरावतीला निघालेली, दारव्ह्याहून आलेली, माहेरून रडत परतणारी अशी कोणी ना कोणी बाई तिच्याजवळ आपलं मन मोकळं करून गाडीत बसायची. बस स्टँडवर केळीची गाडी लावणारे शेखचाचा तिची पिशवी सांभाळायचे.

आता ज्या शब्दाबद्दल सांगायचं आहे, तो प्रसंग. वहिनीची मुलगी मयूरी तेव्हा पाचवीत होती. सुट्टीत मी माहेरी आले की तिचा अभ्यास माझ्याकडे असायचा. व्याकरणात 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' असतो ना, तो घेत होते. कमी बोलणारा? "मितभाषी." बरोबर. खूप बोलणारा? मयूरी पेन्सिल चावत म्हणाली, "आई!" घरात हसू फुटलं. कधी न हसणारी माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. दादा वर्तमानपत्रामागं हसला. वहिनीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं. मी म्हटलं, "लिही, वाचाळ." जरा वेळानं भाकरी थापता थापता वहिनीनं विचारलं, "ताई, वाचाळ म्हंजे चांगलं का वाईट?" मी शिक्षिकेच्या तोऱ्यात सांगितलं, वाईटच. गरज नसताना बोलणारा तो वाचाळ. "दुसरा शब्द?" बोलघेवडा. "थो चांगला?" तोही नाही, नुसतं बोलणारा आणि करणार काही नाही तो बोलघेवडा. मग तोंडाळ, बडबड्या, वटवट्या... मी एकेक सांगत गेले आणि ती एकेकाचा अर्थ विचारत गेली. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "मंग ज्याले नुसतं बोलाले आवडते, त्याच्यासाठी चांगला शब्दच नाई का तुमच्या पुस्तकात?" मी म्हणाले, "पाहून सांगते." पाहिलं नाही. मुळात तो प्रश्न आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आई-बाबा गेले. मयूरी शिकली, नागपूरला औषधांच्या कंपनीत नोकरीला लागली. तिच्यासाठी बोरी अरबचं एक स्थळ आलं. घरची शेती, मुलगा पुण्यात कंपनीत. पाहायला आले तेव्हा तो तासाभरात चार-पाच वाक्यं बोलला असेल. ते गेल्यावर दादा म्हणाला, "पोट्टा कमी बोलते. चांगलं हाय." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नव्हतं. मीही म्हणाले, शांत आहे, समंजस आहे. वहिनी तेवढी म्हणाली, "मले तं त्याच्या पोटात काय हाय ते समजलंच नाई." यावर दादानं वर्तमानपत्र उघडलं. मयूरीनं होकार दिला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मधल्या सुट्टीत मला वहिनीचा फोन आला. "ताई, अवो, काल स्टँडवर बोरीची एक बाई भेटली. थे अमरावतीले डोयाच्या दवाखान्यात चालली होती. तिची पोरगी हाय पुण्याले, तिच्या बाळंतपणाले थे गेलती. तीन महिने तिथंच होती. अन् मंग..." मी म्हटलं, "वहिनी, घंटा झाली. नंतर करते." घंटा झाली नव्हती. अजून सात मिनिटं होती. माझा चहा निवत होता, एवढंच.

दादालाही तिनं आदल्या रात्री सांगायला घेतलं होतं, हे नंतर कळलं. तो म्हणाला होता, "तुहं बस स्टँडाचं पुराण आता नको. जेवू दे." मयूरीला तिनं फोन केला नाही, कारण मयूरी रविवारी घरी येणार होती आणि पोरीला फोनवर सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. रविवार उजाडायच्या आधीच, माझ्याशी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगण झाडताना ती खाली बसली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली. यवतमाळच्या दवाखान्यात बारा दिवस होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगितलं होतं, "यांना समजतं सगळं. फक्त शब्द बाहेर येत नाहीत." आम्ही माना हलवल्या. पण डोक्यात शिरलं नाही. जो माणूस बोलत नाही त्याला समजत नाही, असंच आपण धरून चालतो आणि तसंच वागतो. नवव्या दिवशी तिच्या तोंडून पहिला शब्द आला. "मंग." दादानं तिचा हात धरला. सगळ्यांना वाटलं, आता बाकीचे येतील. बाकीचे आले नाहीत. पाणी हवं तरी मंग, पाठ अवघडली तरी मंग, कोण आलं, किती वाजले, सगळं मंग.

घरी आणल्यावर तिला समोरच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत ठेवलं. तिच्या उशाच्या खिडकीतून बस स्टँडचे आवाज यायचे. भेटायला येणाऱ्या बाया तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायच्या. "काही समजते का व तिले?" "नाई बाप्पा, मंग मंगच करते." ती डोळे मोठे करून एकीकडून दुसरीकडे पाहायची आणि मान उशीवर घासायची. दादा तिला भरवायचा, पुसायचा, कूस बदलून द्यायचा. न चुकता. पण न बोलता. मी आले की दोन दिवस राहायचे, तिच्याशी बोलायचे ते तान्ह्या बाळाशी बोलतात तसं. आज त्याची लाज वाटते.

नातेवाईकांनी ठरवलं की आईच्या डोळ्यांदेखत मयूरीचं होऊन जाऊ द्या. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, ते घरीच झालं. वहिनीला नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं, डाव्या हातात कुंकवाची वाटी दिली आणि मुलगा तिच्या पुढं वाकला. तिनं वाटी त्याच्या अंगावर लोटून दिली. पांढरा शर्ट, बैठकीतली चादर, सगळं लाल. "मंग! मंग! मंग!" ती ओरडत होती आणि बाया म्हणत होत्या, हात थरथरते बिचारीचा, आनंदानं रडून राह्यली. मुलगा खाली पाहत उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता... तो घाम मी पाहिला आणि मला वाटलं, गर्दीत उकडत असेल.

जानेवारीत, लग्नाला तीन आठवडे उरले असताना, पत्रिका छापून आल्या. मी रजा घेऊन नेरला गेले होते. दुपारी वहिनीच्या हातात एक पत्रिका दिली, दोघांच्या नावांवर बोट ठेवून वाचून दाखवली आणि आम्ही बाकीच्यांवर नावं घालत बसलो. थोड्या वेळानं पाहते तर ती डावा अंगठा जिभेवर ओला करून पत्रिकेवर घासत होती. ओला करायची, घासायची. माझी एक काकू म्हणाली, "जावयाच्या नावावरून हात फिरवते पहा. जीव हाय." मी जवळ गेले. त्याच्या नावाच्या जागी कागदाला भोक पडलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बहुधा त्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यात माया वगैरे काही नव्हतं. एखाद्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी आणि तो आतून दार बडवून बडवून थकावा, तसे ते डोळे होते.

मी काकूला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि तिच्यासमोर बसले. "वहिनी, हे लग्न नको?" तिनं मान हलवली. होकाराची. परत विचारलं, परत तेच. "मुलगा नको?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "का?" विचारल्यावर मात्र ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. 'का' चं उत्तर मान हलवून देता येत नाही. मी मुळाक्षरांचा तक्ता आणला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कागदावर मुंग्या पसरल्या आहेत. हातात पेन दिलं तर नुसत्या रेघा. मग मी परत प्रश्नांवर आले. तू काही पाहिलं? नाही. कोणी सांगितलं? होय. माणसानं? नाही. बाईनं? तिनं माझं मनगट धरलं. कुठली बाई? नेरची, घाटंजीची, दारव्ह्याची... प्रत्येकाला ती डोळे मिटून मान हलवायची आणि पुढं विचार म्हणून मनगट हलवायची. "बोरीची?" तिची नखं माझ्या हातात रुतली. आणि त्याच क्षणी मला तो फोन आठवला. अन् मंग... आणि माझी सात मिनिटं.

मी उठले ती चपला घालून सरळ बस स्टँडवर गेले. बोरीची बाई म्हणजे कोण, काही माहीत नव्हतं. वहिनी पडली त्याच्या दोन दिवस आधी बाकावर तिच्याजवळ बोरीची कोण बसली होती, ते शेखचाचांना विचारलं. ते म्हणाले, "हां, भाभी वच्छलाबाईसंगं बसल्या होत्या त्या दिवशी. दर महिन्याले अमरावतीच्या दवाखान्यात जाते ती, इथून गाडी बदलते. भाभी बाकावरून उठल्या तं त्यांचा चेहरा पाहून मीनंच पाणी देल्लं. काय झालं विचारलं, तं बोलल्याच नाईत." मग ते केळी झाकता झाकता म्हणाले, "भाभी बोलल्या नाईत, असं कधी झालं का ताई?"

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला बस बदलून बोरीला गेले. वच्छलाबाई म्हणजे साठीची, शेतात मजुरीला जाणारी बाई. मी कोण ते सांगितल्यावर ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग आत घेऊन तिनं सगळं सांगितलं. पुण्यात तिच्या मुलीच्या इमारतीतच तो मुलगा राहत होता. बायकोसोबत. दुसऱ्या जातीची मुलगी, कोर्टात लग्न केलेलं, घरच्यांच्या भीतीनं लपवून ठेवलेलं. त्यानं हिचे पाय धरले होते, गावात बोलू नको म्हणून. ही गावात बोलली नाही. नेरच्या बस स्टँडवर एका अनोळखी बाईला मात्र, गोष्टीवरून गोष्ट निघाली तेव्हा, नाव न घेता सांगून बसली. आणि त्यावर ती अनोळखी बाई कौतुकानं म्हणाली, "माह्या पोरीचंही बोरीतच जुळलं," आणि तिनं मुलाचं नाव सांगितलं... "मले वाटलं, मोडलंच असन तुमी. मंग गावात पत्रिका आल्या. म्हटलं, मोठे लोकं हायेत, समजून-उमजून करून राह्यले असतीन. त्यांच्याच वावरात जातो जी आमी कामाले. मी कोणाले सांगू?"

दादाला मी अंगणात गाठून सांगितलं. त्यानं चालू नळ बंद केला. मग ज्या माणसानं आयुष्यात कोणाला फोन लावला नाही, त्यानं माझ्याकडून नंबर घेऊन लावला. "तुमचं लग्न झालेलं हाय का?" एवढंच विचारलं. पलीकडे तो मुलगा रडायला लागला. "काका, तुम्हीच मोडा. मला घरी बोलता येत नाही हो." दादानं फोन ठेवला आणि आत गेला. तोवर मयूरीही नागपूरहून आली होती. तो वहिनीच्या पलंगावर बसला, तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "सुमन, हेच सांगून राह्यली होती का तू? सहा महिन्यांपासून?" वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग!" अगदी पूर्वीच्या सुरात. नाहीतर काय, एवढंही समजत नाही का तुम्हाला, असं सगळं त्यात होतं. मयूरी रडता रडता हसायला लागली. त्या एका वेळी त्या शब्दाला दुसऱ्या कुठल्या शब्दाची गरज पडली नाही.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लग्न मोडलं म्हणून तिची सुटका झाली नाही. त्यानंतरची दोन वर्षं ती त्याच पलंगावर, त्याच शब्दात होती. एकदा आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून बस स्टँडवर नेलं. तिला बरं वाटेल म्हणून. ओळखीच्या बाया धावत आल्या, कोणी हात धरला, कोणी गालावरून हात फिरवला. एक जण म्हणाली, "सुमनबाई, माह्या सुनेचं तुमी विचारत होत्या न, तिले पोरगी झाली!" वहिनीच्या चेहऱ्यावर पन्नास प्रश्न एकदम आले. नाव काय ठेवलं, सून कशी आहे, दूध पिते का... ते सगळे मला दिसत होते. आणि तोंडातून आलं ते "मंग." त्या बाईनं वाट पाहिली. परत "मंग." मग तिची बस लागली. घरी आल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली आणि त्यानंतर खुर्ची दिसली की ती हात झटकायची. परत कधी गेली नाही.

त्याच दिवसांत मी तो शब्द शोधला. उशीर झाला होता, हे कबूल आहे. शब्दकोश घेऊन बसले आणि 'गोष्टीवेल्हाळ' वर बोट ठेवलं. शब्द मला माहीत होता, पुस्तकांत वाचला होता, वर्गात कधीतरी सांगितलाही असेल. पण भाकरी थापणाऱ्या वहिनीनं विचारलं तेव्हा तो मला आठवला नव्हता, कारण मी तिच्यासाठी वाईट शब्दांच्याच रांगेत शोधत होते. नेरला जाऊन मी तिला सांगितलं. वहिनी, गोष्टीवेल्हाळ म्हणजे ज्याला गप्पागोष्टींत रमायला आवडतं तो. वेल्हाळ शब्दात लाडिकपणा आहे, कौतुक आहे. हा शब्द कोणाला रागानं म्हणता येत नाही. तिनं डोळ्यांनी परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं. तिनं भुवया उंचावल्या, "मंग?" म्हणजे वाक्यात उपयोग करून दाखव. मी म्हटलं, "आमची वहिनी गोष्टीवेल्हाळ आहे." ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. खूश झाली की नाही, सांगता येत नाही. मला वाटतं, तिला थोडा रागच आला असावा. एवढा साधा शब्द होता तर इतकी वर्षं का लागली, असा.

दादा मात्र बदलला. बाहेरून आला की पलंगाजवळ खुर्ची ओढायचा आणि आज काय काय पाहिलं ते सांगायचा. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायचं. ती "मंग?" म्हणायची. तो आठवून आठवून आणखी एक वाक्य आणायचा. परत "मंग?" असं करत करत त्याला गोष्ट सांगता यायला लागली. शेवटच्या वर्षात मी समोरच्या खोलीत बसून त्या दोघांचं ऐकायचे. त्याचा आवाज घरात इतका वेळ चालू असलेला मी लहानपणापासून कधी ऐकला नव्हता.

तेरवीला आमच्या अंदाजापेक्षा दुप्पट पानं लागली. अनोळखी बाया येतच होत्या. घाटंजीच्या, बोरीच्या, कुठल्या कुठल्या तांड्यांवरच्या. त्यांना आमच्याबद्दल सगळं माहीत होतं. एकीनं मला विचारलं, "तुमी ताई न? गुडघा कसा हाय आता?" दुसरीला माझी मुलगी कितवीत नापास झाली होती तेही ठाऊक. मी आधी चपापले आणि मग माझ्या लक्षात आलं, की ज्या वर्षांत मी तिची एक गोष्ट पुरी ऐकली नाही, त्या वर्षांत ती बाकावर बसून माझ्या गुडघ्याची काळजी लोकांना सांगत होती. बाया जाता जाता दादाला म्हणाल्या, "गाडीले वेळ असला की येत जाऊ न जी आमी? इथं पंखा हाय." दादानं मान हलवली.

मागच्या आठवड्यात मी नेरला गेले. दुपारची वेळ होती. समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत दोन बाया पिशव्या पायाशी ठेवून बसल्या होत्या. त्यांना मी ओळखत नव्हते. दादा त्यांच्यासाठी आतून पाणी घेऊन आला. एकीनं ग्लास रिकामा करून ओठ पुसले आणि सहज विचारलं, "तुमाले पोरगी हाय न भाऊ? काय करते थे?"

दादानं ट्रे खाली ठेवला. भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसला.

"तिची गोष्ट मोठी हाय," तो म्हणाला. "तुमची गाडी किती वाजता हाय?"